पाणी आधी कागदावर अडते

महापालिकेच्या सर्वसाधारण सभेला प्रेक्षक गॅलरी असते आणि तिथे साध्या नागरिकाला बसता येते, हे आमच्या वस्तीतल्या बहुतेकांना माहीत नव्हते. खरे सांगायचे तर आम्हालाही फार उशिरा कळले. त्या दिवशी पास काढून आम्ही सहा जण वर जाऊन बसलो. खाली सभागृहात आमच्या कामाचे दोन विषय येणार होते.

पहिला विषयपत्रिकेवर छापलेला होता. शहरातले जुने व नादुरुस्त पाणीमीटर काढून त्या जागी दुरून रीडिंग घेता येणारे नवे मीटर बसवणे, असा तो विषय. दुसरा एका सदस्याने आयत्या वेळी मांडला. पाणीपुरवठा विभागात माहिती अधिकाराचे अर्ज फार येतात, कर्मचाऱ्यांना त्यामुळे काम करता येत नाही, म्हणून अशा ‘सराईत’ अर्जदारांची यादी करावी, असे त्याचे म्हणणे होते.

‘सराईत’ म्हणताना त्याने वर गॅलरीकडे पाहिले. हा शब्द आपल्या वस्त्यांना नवा नाही. आजवर तो पोलिसांच्या तोंडून ऐकला होता. आता तो माहिती मागणाऱ्यालाही लागला.

आम्ही सराईत कसे झालो, ते आधी सांगायला हवे.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी सहा घरांत मिळून एक सामाईक नळजोडणी आहे. मीटर रस्त्याच्या कडेला, चेंबरमध्ये. काच आतून धुरकटलेली, आकडे जागच्या जागी थांबलेले. बिल मात्र न चुकता येत होते, दर महिन्याला ६० युनिटचे. खाली बारीक अक्षरात ‘सरासरी’. एक युनिट म्हणजे एक हजार लिटर. सहा घरांनी मिळून महिन्याला साठ हजार लिटर पाणी वापरले, असे महापालिकेचे म्हणणे. बिल परवडत नव्हते, म्हणून थकले. थकले म्हणून त्यावर विलंब आकार चढला. शेवटी नळ तोडण्याची नोटीस आली.

गल्लीतल्या एका मावशींनी सगळी बिले रेशनकार्डाच्या पिशवीत जपून ठेवली होती. मावशींना वाचता येत नाही. त्यांनी बिले फरशीवर ओळीने मांडली आणि म्हणाल्या, “पोरांनो, ह्यो आकडा बघा. पाऊस असू दे, उन्हाळा असू दे, जागचा हलत न्हाई. आपण काय एवढं मापात पाणी पितो व्हय?”

मग आम्ही एक सोपा हिशेब केला. पाणी रोज एक तास येते. पंधरा लिटरची बादली भरायला एक मिनिट लागते. म्हणजे दिवसाला ९०० लिटर, महिन्याला २७ युनिट. बिल ६० युनिटचे. सहा घरांत माणसे तीस. म्हणजे माणशी दिवसाला ३० लिटर. मलनिस्सारण व्यवस्था असलेल्या शहरात नळाने माणशी १३५ लिटर पाणी द्यावे, असे केंद्र सरकारच्या पाणीपुरवठा नियमावलीत सांगितले आहे. सार्वजनिक नळकोंडाळ्यासाठीसुद्धा हा आकडा ४० आहे. आम्हाला मिळत होते त्याहूनही कमी, आणि पैसे भरायचे दुपटीहून जास्त पाण्याचे.

हा हिशेब घेऊन आम्ही विभागीय कार्यालयात गेलो. अभियंत्याने तो पाहिलाही नाही. “तुम्ही बादलीने मोजलंय. आमच्याकडे रेकॉर्ड आहे,” तो म्हणाला.

रेकॉर्ड आहे, हे त्यानेच सांगितले होते. मग आम्ही रेकॉर्ड मागायचे ठरवले.

पहिला अर्ज आम्ही जसा लिहिला, तसा कोणी लिहू नये. दोन पाने. सुरुवातीला वस्तीवरच्या अन्यायाचा इतिहास, मग संविधान, मग सात प्रश्न आणि सातही ‘का’ने सुरू होणारे. आमच्यावर अन्याय का? आमचे बिल सरासरीने का? अर्ज परत आला. महाराष्ट्राच्या माहिती अधिकार नियमांत २०१२ पासून अट आहे, की एका अर्जात एकच विषय असावा आणि मजकूर शक्यतो दीडशे शब्दांच्या आत असावा. दुसरे म्हणजे, माहिती अधिकारी त्याच्याकडे असलेला कागद द्यायला बांधील आहे, आपल्या ‘का’चे उत्तर नव्याने लिहून द्यायला नाही. आम्हाला राग आला. पण चूक आमची होती. आम्ही अर्ज लिहिलाच नव्हता, भाषण लिहिले होते.

दुसऱ्या वेळी तीन वेगळे अर्ज केले. एक, आमच्या जोडणीच्या मीटर रीडिंगची दोन वर्षांची नोंदवही. दोन, सरासरी बिल कोणत्या आदेशाने आणि कोणत्या आकड्यावरून काढतात, त्या आदेशाची प्रत. तीन, शहरात नादुरुस्त मीटर किती, त्याची प्रभागनिहाय यादी. प्रत्येकावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. माहिती कशाला हवी, हे लिहिले नाही. माहिती अधिकार अधिनियम २००५ च्या कलम ६(२) नुसार कारण सांगावे लागत नाही.

तीस दिवस संपता संपता उत्तरे आली. नोंदवही ‘शोध सुरू आहे’. आदेशाची प्रत ‘या कार्यालयाशी संबंधित नाही’. नादुरुस्त मीटरची यादी ‘संकलित स्वरूपात उपलब्ध नाही’.

हे तिसरे उत्तर लक्षात ठेवा. जी महापालिका शहरातले मीटर बदलायला निघाली आहे, तिच्याकडे बिघडलेले मीटर किती आणि कुठे आहेत याची यादी नाही. मग बदलायचे मीटर किती, हे कोणी मोजले? खर्चाचा अंदाज कशावरून आला? यादी नसेल तर प्रस्ताव हवेत बांधला आहे. यादी असेल तर आम्हाला दिलेले उत्तर खोटे आहे.

आम्ही प्रथम अपील केले. अपिलात फक्त एक गोष्ट मागितली, अभिलेखाची प्रत्यक्ष पाहणी. कलम २ मध्ये माहितीच्या अधिकाराची जी व्याख्या आहे, तिच्यात कागद पाहण्याचा, टिपणे काढण्याचा आणि प्रती घेण्याचा अधिकार स्पष्ट दिला आहे. अपिलीय अधिकाऱ्याने तारीख दिली. ‘शोध सुरू असलेली’ नोंदवही त्या दिवशी टेबलावर आधीच आणून ठेवलेली होती.

त्या नोंदवहीत आम्हाला जे दिसले, ते आम्ही विसरणार नाही. आमच्या जोडणीपुढे चौदा महिने एकच आकडा होता. शेऱ्याच्या रकान्यात तीन महिने ‘मीटर बंद’. उरलेले अकरा महिने ‘घर बंद’.

घर बंद! मीटर रस्त्यावरच्या चेंबरमध्ये. तिथे ना दार आहे ना कुलूप. सहा घरांतले नेमके कोणते घर बंद होते? ज्या गल्लीत पहाटे पाण्यासाठी तीस माणसे उठून उभी असतात, ती गल्ली महापालिकेच्या दप्तरात अकरा महिने बंद होती. माणसेच नव्हती म्हणे. आणि नसलेल्या त्या माणसांनी महिन्याला साठ हजार लिटर पाणी वापरले.

त्याच नोंदवहीत पुढच्या पानावर शेजारच्या सोसायट्या होत्या. तिथे दर वेळी नवा आकडा, नवे रीडिंग. एकही ‘घर बंद’ नाही.

याला अस्पृश्यता म्हणायचे का, यावर आमच्यात त्या रात्री वाद झाला. रीडिंग घेणारा मुलगा कंत्राटी होता. आम्ही त्याला गाठले, तर तो आपल्याच समाजातला निघाला. एका दिवसात उरकायच्या मीटरचा कोटा इतका, की चेंबरचे झाकण उचलून, चिखल काढून आकडा वाचायला वेळच उरत नाही, असे तो म्हणाला. सोसायटीत मीटर भिंतीवर, स्वच्छ. सोसायटीवाल्यांकडून तक्रार आली की पगार कापतात. वस्तीतून तक्रार आली तर कोणी विचारत नाही. जातीचे नाव कुठेही न लिहिता, तोंडाने न उच्चारता, जात अशी दप्तरात उतरते. कोणाच्या मनात काय होते, ते नोंदवहीतून कळत नाही. त्या दोन पानांतला फरक मात्र कळतो, आणि तो सिद्ध करता येतो. आपण लढायचे ते सिद्ध करता येणाऱ्या गोष्टीवर, असे त्या रात्री ठरले.

महाड आपल्याला हेच शिकवतो. आपण महाड म्हटले की २० मार्च १९२७ आठवतो, ओंजळ आठवते. ते बरोबरच आहे. पण त्या ओंजळीच्या मागे-पुढे कागदांची केवढी लढाई होती, ते आपण कमी सांगतो. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात ऑगस्ट १९२३ मध्ये मंजूर झाला. सुरेंद्रनाथ टिपणीस यांच्या काळात महाड नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये चवदार तळे खुले करण्याचा ठराव केला. म्हणजे कागदावर तळे खुले होते. तीन वर्षे खुले होते. पाणी मात्र कोणाला घेता येत नव्हते. म्हणून बाबासाहेबांना आणि हजारो माणसांना स्वतःच्या पायांनी तिथे जावे लागले.

पुढचेही पाहा. ऑगस्ट १९२७ मध्ये त्याच नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरात सनातनी दिवाणी न्यायालयात गेले आणि तळे सार्वजनिक नसून चौधऱ्यांचे खासगी आहे, अस्पृश्यांना तिथे न येऊ देण्याची प्रथा अनादी काळापासून आहे, असा दावा लावला. तो खटला जवळजवळ दहा वर्षे चालला. १७ मार्च १९३७ ला मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला. अशी अनादी प्रथा असल्याचे वादींना सिद्ध करता आले नाही, म्हणून ते हरले. त्या काळातल्या न्यायालयाने अस्पृश्यता चूक आहे म्हणून तळे दिले नाही. पुरावा दाखवा, असे म्हटले आणि पुरावा नव्हता.

‘पद्धतच तशी आहे’ म्हणणाऱ्याला ‘कागद दाखव’ म्हणणे, ही आपली जुनी रीत आहे. ती पुढे संविधानात आली. राज्याच्या पैशातून पूर्णतः किंवा अंशतः चालवलेल्या विहिरी, तलाव यांच्या वापरात जातीवरून कोणालाही अडवता येणार नाही, हे अनुच्छेद १५(२) मध्ये लिहिले आहे. आता दांडगे लोक काठ्या घेऊन पाणवठ्यावर क्वचित उभे राहतात, निदान शहरात तरी. आता पाणी तारखेच्या पुराव्यावर अडते, सामाईक जोडणीवर अडते, सरासरीवर अडते, ‘संकलित नाही’वर अडते. मुंबईत १ जानेवारी २००० नंतरच्या झोपड्यांना पाणी नाकारले जात होते. तहानलेल्या माणसाने आधी तो कधी आला त्याचा कागद दाखवायचा. पाणी हक्क समितीने उच्च न्यायालयात दाद मागितली, तेव्हा १५ डिसेंबर २०१४ ला न्यायालयाने सांगितले, की पाणी हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे आणि या लोकांनाही पाणी देण्याचे धोरण महापालिकेने करावे.

आता मीटरबद्दल. आमच्याच काही साथींचे म्हणणे आहे, की मीटरला सरसकट विरोध करावा. मीटर आला की पाणी विक्रीची वस्तू होते, मागून कंपनी येते. या म्हणण्यात तथ्य नाही असे आम्ही म्हणणार नाही. जोहान्सबर्गजवळच्या सोवेतोमध्ये, काळ्या लोकांच्या वस्तीत, प्रीपेड पाणीमीटर बसवले गेले. घरामागे महिन्याचे ६ हजार लिटर मोफत पाणी संपले की नळ आपोआप बंद. फिरी भागातल्या रहिवाशांनी खटला केला. २००८ मध्ये खालच्या न्यायालयात ते जिंकले आणि २००९ मध्ये तिथल्या संविधान न्यायालयात हरले. तसे यंत्र आपल्या दाराशी येऊ द्यायचे नाही, हे आमचेही मत आहे.

पण मीटर नसणे म्हणजे मुक्ती नव्हे, हे आम्ही चौदा महिने भोगले. आमच्या मीटरचे काटे थांबले, तेव्हा पाणी फुकट झाले नाही, उलट महाग झाले. मीटर नीट चालला असता तर तो आमचा साक्षीदार झाला असता. वस्तीला माणशी ३० लिटर मिळते, हे आम्ही बादलीने सांगितले तर कोणी ऐकत नाही. तेच महापालिकेच्या मीटरने सांगितले असते तर तिला नाकारता आले नसते. म्हणून मीटर हवा की नको, यापेक्षा आम्हाला महत्त्वाचा वाटतो तो दुसराच प्रश्न: आकडा कोण वाचणार, कोण लिहिणार आणि तो कोणाला पाहता येणार?

नव्या मीटरबरोबर हा प्रश्न मोठा होतो. जुन्या पद्धतीत निदान नोंदवही होती. तिच्यात ‘घर बंद’ लिहिणाऱ्याचे अक्षर होते, तारीख होती. नव्या मीटरचे रीडिंग दुरून घेतले जाईल आणि कंत्राटदाराच्या संगणकात जाऊन बसेल. उद्या आम्ही ते मागितले, तर ‘ही कंपनीची व्यावसायिक गुपिते आहेत’ असे उत्तर येऊ शकते, कारण कलम ८(१)(घ) तशी पळवाट देते. आमच्याच नळाचा आकडा आमच्यासाठी गुपित! म्हणून हा मुद्दा करारातच लिहून घ्यायला हवा. मीटर बसल्यावर नाही, बसण्याआधी.

सभेत काय झाले, ते सांगतो. मीटरच्या विषयावर जेमतेम दहा मिनिटे चर्चा झाली. त्यातली बहुतेक कंत्राट कसे द्यायचे यावर. आमच्या प्रभागातल्या एका नगरसेविकेला आम्ही निवेदन दिले होते. त्यांनी उभे राहून नोंदवहीतल्या पानाची प्रमाणित प्रत दाखवली आणि ‘घर बंद’ हा शेरा वाचून दाखवला. सभागृहात हशा पिकला. आमच्यातले दोघे चिडले, पण हसू अधिकाऱ्यांवर होते. सत्ताधाऱ्यांतल्या दोन गटांत कंत्राटावरून जमेना आणि विषय तहकूब झाला. तो आमच्यामुळे तहकूब झाला, अशी फुशारकी आम्ही मारणार नाही. पण नगरसेविकेचे म्हणणे इतिवृत्तात गेले, हे आम्ही नंतर इतिवृत्ताची प्रत काढून पाहिले.

‘सराईत’ अर्जदारांच्या यादीचा विषय कोणी पुढे रेटला नाही. पण तो परत येईल. त्यावर आमचे उत्तर तयार आहे. पैसे उकळण्यासाठी अर्ज करणारे लोक आहेत, हे आम्हाला माहीत आहे. त्यांनी या कायद्याचे वाटोळे केले, हेही खरे. पण त्यावरचा उपाय कायद्यातच आहे. कलम ४ सांगते, की कार्यालयाने आपले अभिलेख सूचीबद्ध ठेवावेत, महत्त्वाचे निर्णय घेताना त्यामागची तथ्ये स्वतःहून प्रसिद्ध करावीत आणि ज्यांच्यावर निर्णयाचा परिणाम होतो त्यांना कारणे द्यावीत. म्हणजे आमच्या पहिल्या अर्जातल्या ‘का’चे उत्तर, आम्ही न विचारताच, महापालिकेने द्यायला हवे होते. सगळे कागद खुले ठेवले तर उकळणाऱ्याच्या हातात विकायला काय उरेल? आणि मग आम्हाला तरी अर्ज कशाला करावे लागतील?

आमच्या जोडणीची चौदा महिन्यांची सरासरी बिले अखेर दुरुस्तीला घेतली गेली. नळ तोडण्याची नोटीस मागे घेतली. मावशींनी ते पत्रही त्याच पिशवीत ठेवले. पण हे एका गल्लीचे झाले. वस्तीत अशा अनेक गल्ल्या आहेत आणि त्यांची बिले अजून सरासरीनेच येतात.

मीटरचा विषय पुन्हा सभेपुढे येईल तेव्हा आमच्या चार मागण्या असतील. जुना मीटर काढताना शेवटच्या आकड्याचा पंचनामा रहिवाशांसमोर व्हावा आणि त्याची प्रत त्यांना मिळावी. बंद मीटरवरची सरासरी थकबाकी तपासल्याशिवाय नव्या मीटरच्या बिलात चढवू नये. सामाईक जोडणीवर मीटरचा खर्च लादू नये. आणि प्रत्येक भागाला पाणी किती तास, किती लिटर मिळते, ते विभागीय कार्यालयाच्या फलकावर लागावे, म्हणजे वस्तीचे आणि सोसायटीचे आकडे शेजारी शेजारी दिसतील.

मित्रहो, एक गोष्ट आपल्याच माणसांना. १४ एप्रिलला आमच्या वस्तीतून मिरवणूक निघते, तेव्हा हजार माणूस असतो. विभागीय कार्यालयात नोंदवही पाहायला आम्ही तिघे होतो. मिरवणूक हवीच, तिच्यातूनच आम्ही घडलो. पण ज्या पोराला डीजेच्या परवानगीचा अर्ज अचूक लिहिता येतो, त्याला मीटरच्या नोंदवहीचाही लिहिता येईल. दीडशे शब्द, एक विषय, दहा रुपये. ज्यांच्याकडे दारिद्र्यरेषेखालचे कार्ड आहे, त्यांना तेही नाहीत.

येत्या रविवारी सकाळी पाण्याच्या वेळेला आम्ही वस्तीतल्या प्रत्येक चेंबरचे झाकण उघडून आकडे लिहून घेणार आहोत, फोटोसह. आपापल्या गल्लीची बिले घेऊन या. मागच्या वर्षीची असतील तर अजून बरे.

जय भीम!